जपान मोकळं आहे

मीना : चुकलं. परत सांगा.

सोमेश्वर : चुकलं कसं? प्रबंधात असंच लिहिलेलं आहे. पान एकशे एकोणचाळीस.

मीना : पान बराबर हाय, मजकूर चुकला. ती बाई मेलेली न्हाई. कवाची सांगून राह्यले, ती जित्ती हाय. जित्त्या बाईचा जीव झोपेत अंगातून निघतो अन् सवतीच्या उरावर जाऊन बसतो. उद्या व्हायवात तुम्ही तिला भूत म्हणले, तर बाहेरच्या परीक्षक मॅडम तिथंच फाईल मिटतील.

सोमेश्वर : भूत काय अन् जीव काय. परिणाम एकच ना?

मीना : मंग नवरा काय अन् गिऱ्हाईक काय. दोघं बी दारात उभं राहून 'झालं का' एवढंच विचारतात.

सोमेश्वर : मीना, मी बावीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवतो. मला साहित्य कळतं.

मीना : साहित्य कळतं, गोष्ट कळत न्हाई. चला, पुढचा. ह्या जुन्या कथांना काय म्हणतात?

सोमेश्वर : मोनोगातारी. अभिजात जपानी कथनप्रकार. मूळ मौखिक परंपरेशी नातं सांगणारा, दरबारी संस्कृतीच्या अवकाशात...

मीना : बस, बस. तेवढं फाडफाड येतं तुम्हाला. आता त्यातली एक गोष्ट सांगा.

सोमेश्वर : गोष्ट कशाला विचारतील? पीएच.डी. आहे ही.

उषाबाई : मीने, आली का गं लाईट? अगं बया, सर गिरणीत? पट्टा तुटला का काय?

मीना : या मावशी. पट्टा धड हाय, लाईट गेली. ठिवा बाजरीचा डबा तिथं. आमच्या ह्यांची उद्या परीक्षा हाय, तोंडी.

उषाबाई : ह्या वयात तोंडी? मारतात का अजून?

सोमेश्वर : मारत नाहीत मावशी. शाल देतात. म्हणजे आपण त्यांना द्यायची.

उषाबाई : हे उलटंच काम हाय. अन् परीक्षा कशाची?

सोमेश्वर : 'आधुनिक जपानी कादंबरीवरील अभिजात साहित्याचा प्रभाव.'

उषाबाई : म्हंजी मीनेच्या गोष्टी.

सोमेश्वर : मीनेच्या कसल्या गोष्टी?

उषाबाई : सारी गल्ली ऐकती की. दळण व्हईस्तोवर मान्सानं करावं काय? त्यो राजाचा पोरगा न्हाई का, ज्याला जी दिसल ती पायजे. रातच्याला पडद्यामागं शिरतो, सकाळच्याला चिठ्ठी धाडतो. चिठ्ठीत काय तर दव पडलं, हरीण वरडलं. मी म्हणते, पयलं बायकोला तोंड दाखव, मंग हरणाचं सांग.

सोमेश्वर : मीना, तू गिऱ्हाइकांना प्रबंध सांगतेस?

मीना : प्रबंध कशाला सांगू, झोप लागंल त्यांना. गोष्ट सांगते. मावशी, सांगा बरं सरांना, ती बाई झोपेतून उठती तवा तिला कसं कळतं, की आपला जीव सवतीकडं गेल्ता?

उषाबाई : केसाला वास येतो ना. जळक्या मव्हरीचा. तिकडं सवतीच्या खाटंपाशी मांत्रिक मव्हरी जाळून राह्यला असतो. ही इकडं उठती, केस हुंगती, अन् मटकन खाली बसती. कपडे बदलती, न्हाती, तरी वास जात न्हाई. बिचारीला आपल्या मनात काय हाय ते नाकानं कळलं.

सोमेश्वर : ...पान एकशे एकोणचाळीस.

उषाबाई : पान-बिन म्हाईत न्हाई बाबा. मी अंगठेवाली.

मीना : आता तुम्ही सांगा, आजकालच्या कादंबरीत ह्याचं काय झालं?

सोमेश्वर : हे येतं मला. ओसाका शहरातली लॉन्ड्रीवाली. नवऱ्याची दुसरी बाई दवाखान्यात आजारी पडते. लॉन्ड्रीवालीला स्वप्न पडतं, की ती त्या खाटेजवळ उभी आहे. जाग येते तर केसांना फिनेलचा वास. लेखिकेनं हजार वर्षांपूर्वीची मोहरी काढून तिथं फिनेल ठेवलं. हाच अभिजात साहित्याचा प्रभाव. नाव नाही, उल्लेख नाही, नुसता वास.

मीना : वा! हे बराबर असंच सांगा. एक शब्द बी वाढवू नका. 'अवकाश' तर बिलकुल न्हाई.

सोमेश्वर : आणि ते कोरं प्रकरण विचारलं तर?

मीना : तुम्हीच सांगा.

सोमेश्वर : त्या जुन्या ग्रंथात एका प्रकरणाला फक्त नाव आहे. आत मजकूर नाही. आधीच्या प्रकरणात नायक, तोच राजाचा पोरगा, जिवंत, पुढच्यात मेलेला. मरतो तो त्या कोऱ्या पानात.

उषाबाई : कोऱ्या पानात कसा मरंल? लिवनारी बाई कटाळली असंल त्याला. एवढ्या जागी रात काढल्यावर कोन लिवनार त्याचं मरण?

सोमेश्वर : मावशी, ह्यावर तिकडचे विद्वान तीनशे वर्षं भांडतायत.

उषाबाई : मंग मला बोलवा म्हणावं.

मीना : आता लास्टचा. तिकडं हजार वर्षांखाली बाप्ये कोणत्या भाषेत लिहायचे?

सोमेश्वर : चिनी. दरबारी, प्रतिष्ठेची. बायका घरच्या बोलीत, सोप्या अक्षरांत. म्हणून सगळ्या चांगल्या गोष्टी बायकांनी लिहिल्या आणि बाप्यांनी अर्ज लिहिले. एका सरकारी अधिकाऱ्याला मात्र मनातलं लिहायचं होतं, त्याची मुलगी गेली होती. चिनीत रडता येईना, म्हणून त्यानं बाई असल्याचं सोंग घेऊन रोजनिशी लिहिली.

उषाबाई : आन् हितं?

सोमेश्वर : इथं काय?

उषाबाई : हितं उलटं झालं म्हणते मी. मीनेनं सर व्हऊन लिवलं.

सोमेश्वर : मावशी, हे असं बाहेर बोलायचं नसतं.

उषाबाई : बाहेर कुठं? गल्लीत समद्यांना म्हाईत हाय. मीना वहीत लिवती, सर शहागडकराच्या पोराकडून टाईप करून आनतात. मी तर म्हणते उद्या मीनेलाच धाडा परीक्षेला. सरांनी बाजरी दळावी.

सोमेश्वर : पहिलं प्रकरण मी लिहिलेलं आहे.

मीना : लिहिलेलं हाय. गाईड सर काय म्हणले होते ते बी सांगा.

सोमेश्वर : ते रागाच्या भरात म्हणाले होते.

मीना : 'वायाळ, हे वाचून जपान आपल्याशी संबंध तोडंल.'

उषाबाई : पर सर, जपानच का? आपल्याकडं काय लिवलेलं न्हवतं?

सोमेश्वर : सगळे विषय गेलेले होते मावशी. ग्रामीण कादंबरीवर विद्यापीठात सतरा प्रबंध, संतांवर तर मोजता येईनात. गाईड सर म्हणाले, 'जपान मोकळं आहे, घ्या. भाषांतरांवरून होऊन जाईल.' मी घेतलं. आणि पुस्तकांचा गठ्ठा आणून कपाटावर ठेवला.

मीना : अन् दोन वर्षं त्याच्यावर इस्त्रीची चादर ठिवली. मी एकदा लाईट गेली म्हणून एक काढलं. मंग लाईट जात राह्यली अन् मी वाचत राह्यले. इथं लाईट बराबर असती तर हा प्रबंध झालाच नसता.

सोमेश्वर : मीना, एक विचारू? उद्या झालं सगळं नीट, तर मला प्राचार्याच्या जागेसाठी अर्ज करता येईल. माझं ठीक आहे. तुला काय मिळतं यातून? कधी बोलली नाहीस.

मीना : ते काळं बाइंडिंग करून लायब्ररीत ठिवतात ना, पास झाल्यावर?

सोमेश्वर : ठेवतात. कोणी उघडत नाही.

मीना : एक तरी पोरगी उघडंल. बी.ए. सेकंड इयरला मला लायब्ररीतून उठवून नेलं होतं तुम्हाला दाखवायला. हातातलं पुस्तक टेबलावर उघडंच राह्यलं. माझं काहीतरी त्या फळीवर असावं, एवढंच. नाव तुमचं ऱ्हाऊ द्या, मला त्याचं काही न्हाई.

उषाबाई : आली बाई लाईट!

मीना : व्हा बाजूला सर, पट्ट्यात धोतर-बितर अडकंल.

सोमेश्वर : मी पँट घातली आहे.

मीना : मंग उद्या बी घाला.

(दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला. तीच गिरणी, चालू नाही. सोमेश्वरच्या हातात शालीची पिशवी.)

मीना : आलात? पाणी देऊ?

सोमेश्वर : दे.

मीना : झाली?

सोमेश्वर : झाली. म्हणजे... चांगलं झालं बऱ्यापैकी.

मीना : नेलेली काजूकतली?

सोमेश्वर : संपली.

मीना : दोन किलो?

सोमेश्वर : व्हायवा ऐकायला आलेले लोक त्याच्यासाठीच येतात.

मीना : शाल तर पिशवीत दिसून राह्यली.

सोमेश्वर : ...घेतली नाही मॅडमनी.

मीना : आवडला न्हाई का रंग?

सोमेश्वर : मीना, बस जरा. ते स्टूल घे.

मीना : मी उभीच बरी हाय. बोला.

सोमेश्वर : सुरुवात झकास झाली. तू सांगितलं तसं सांगितलं. मोहरी, फिनेल, नुसता वास. मॅडम अशा पुढं सरकल्या खुर्चीत. गाईड सर माझ्याकडं बघून राह्यले, की हा आपलाच वायाळ का? कोरं पान सांगितलं. सोंग घेतलेला अधिकारी सांगितला. एकदा बी 'अवकाश' म्हणलो न्हाई.

मीना : मंग?

सोमेश्वर : मंग त्यांनी एकशे त्रेचाळीस पान काढलं. एक वाक्य वाचून दाखवलं सगळ्यांना. 'जिला घरात बोलायला जागा नसते, तिला झोपेत पाय फुटतात.' म्हणल्या, खाली संदर्भ न्हाई, हे कोणत्या समीक्षकाचं? मी म्हणलं, माझंच. त्या म्हणल्या, सुंदर. अन् हसल्या न्हाईत.

मीना : पुढं.

सोमेश्वर : म्हणल्या, ही कादंबरी मी तीनदा वाचली, एक गोष्ट मला अजून उमगली न्हाई. जुन्या कथेतली बाई वास जावा म्हणून न्हाते. पण ही लॉन्ड्रीवाली, जिचं कामच धुण्याचं, ती शेवटपर्यंत केस धुतच न्हाई. का? ज्यानं हे वाक्य लिहिलं त्याला नक्की माहीत असंल.

मीना : हे प्रबंधात न्हाई.

सोमेश्वर : न्हाईच की! मी मनातल्या मनात सगळी पानं पलटली. मंग म्हणलं काहीतरी ठोकून द्यावं. पाण्याची टंचाई म्हणणार होतो.

मीना : ओसाकात?

सोमेश्वर : मला काय माहीत ओसाकात किती पाऊस पडतो! तोंड उघडलं अन् भलतंच निघालं. म्हणलं, मॅडम, मी ती कादंबरी वाचलेलीच न्हाई.

मीना : सगळ्यांसमोर?

सोमेश्वर : पस्तीस माणसं. समोशाच्या प्लेटा मांडणारे दोघं वेगळे. गाईड सर म्हणले, वायाळांना विनोदाची सवय आहे. मी म्हणलं, विनोद न्हाई सर. पाच प्रकरणांतली चार माझ्या बायकोनं लिहिली. पुस्तकं बी तिनंच वाचली. मागून कोणीतरी हसलं. विभागप्रमुखांनी विचारलं, मिसेस कोणत्या कॉलेजला? मी म्हणलं, मंठ्याला पिठाची गिरणी हाय. मंग सगळेच हसले.

मीना : मॅडम?

सोमेश्वर : त्या न्हाई हसल्या. फाईल मिटली, चष्मा काढला. म्हणल्या, हा प्रबंध मला मान्य करता येणार न्हाई. एवढं बोलून उठल्या. गाईड सर जिन्यात म्हणले, सहा वर्षं मी झाकून ठिवलं ते तू सहा मिनिटांत उघडं केलंस. आठ दिवसांत लेखी खुलासा मागितलाय. चौकशी बसंल. प्राचार्याचं तर सोड, कॉलेजात तोंड दाखवायला...

मीना : माहीत हाय.

सोमेश्वर : काय माहीत हाय?

मीना : सगळं. मॅडमचा फोन आल्ता, दोन वाजता. तुमच्या फॉर्मवर दुसरा नंबर माझाच हाय. चाळीस मिनिटं बोलत होत्या. गिरणी बंद केली मी, चार डबे तसेच पडलेत बघा.

सोमेश्वर : अन् मला एवढं सगळं बोलायला लावलं?

मीना : बघायचं होतं. तिथं पस्तीस जणांपुढं निघालं ते तोंडातून निसटलं असंल. घरी येऊन बायकोपुढं बी तेच सांगता का, हे बघायचं होतं. 'चांगलं झालं बऱ्यापैकी' म्हणले तवा मला वाटलं, संपलं.

सोमेश्वर : पण सांगितलं ना मी. खरं सांगितलं. तुझं नाव घेतलं भर सभेत. तुला... बरं वाटलं असंल ना?

मीना : न्हाई.

सोमेश्वर : न्हाई?

मीना : राग आला. अजून हाय. म्हणून उभी हाय. तुम्हाला मोठं मन दाखवायची हुक्की आली अन् तुम्ही माझी सहा वर्षं पस्तीस जणांच्या समोशाबरोबर वाटून दिली. मी म्हणले होते का, माझं नाव घ्या? मी एकच गोष्ट मागितली होती. ती काळ्या बाइंडिंगची वही फळीवर. आता ती कधीच लागणार न्हाई. ना तुमच्या नावानं, ना माझ्या. खरं बोलायचं होतं तर आधी मला विचारायचं. ते खरं माझं बी होतं.

सोमेश्वर : ...मी हा विचारच केला न्हाई.

मीना : तुम्हाला वाटलं, बायको खूश व्हईल. आरती घेऊन दारात उभी राहील.

सोमेश्वर : आरतीचं न्हाई वाटलं. पण चहाचं वाटलं होतं.

मीना : हसवू नका मला आत्ता. बिलकुल हसवू नका.

सोमेश्वर : न्हाई हसवत. मॅडम काय म्हणल्या?

मीना : पयलं तर म्हणल्या, तुम्ही दोघांनी मिळून फसवणूक केली. मी म्हणलं, हो मॅडम, केली. मी सहा वर्षं बराबर समजून केली. मंग त्यांनी विचारलं, केस का धुत न्हाई ती?

सोमेश्वर : अन् तू?

मीना : मी म्हणलं, मॅडम, धुतले तर ती घराबाहेर गेल्ती ह्याला पुरावा काय? लग्नाला तेवीस वर्षं झाली तिच्या. तेवढी एकच रात ती स्वतःहून कुठंतरी गेल्ती. वास वाईट हाय, पाप केल्याचा हाय, पण तिचा हाय. जुन्या काळातली बाई राणीवशातली, तिला लाज होती, ती न्हाली. हिला लाजेपेक्षा जाण्याचं मोल जास्त. हजार वर्षांत एवढाच फरक पडलाय, म्हणलं.

सोमेश्वर : ...हे कुठं लिहिलेलं हाय?

मीना : कुठंच न्हाई. त्या वेळेलाच सुचलं. मॅडम म्हणल्या, परत सांगा, मी लिहून घेते. तेवढ्यात उषामावशीनं फोन हिसकला अन् विचारलं, त्या राजाच्या पोराला शेवटी कुणी हाणला का न्हाई? मॅडम एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की फोनमधून ठसका ऐकू आला.

सोमेश्वर : मंग काही मार्ग सांगितला का त्यांनी?

मीना : काय सांगणार? डिग्री तुम्हाला देता येत न्हाई, मला बी न्हाई. म्हणल्या, वह्या जपून ठिवा, तुमचं बी.ए. पुरं करा, मंग बोलू. मी म्हणलं, बघते. हो म्हणले न्हाई.

सोमेश्वर : का न्हाई म्हणलीस?

मीना : न्हाई बी म्हणले न्हाई. जरा दिवसभर तरी कोणी मला काय करायचं ते सांगू नये असं वाटलं. हे पिशवीत काय, शालीखाली?

सोमेश्वर : तीच कादंबरी. लॉन्ड्रीवाली. सकाळी देखाव्यासाठी नेली होती, टेबलावर ठिवायला. येताना एसटीत उघडली.

मीना : किती वाचली?

सोमेश्वर : जालन्यात बसलो तेव्हा पहिलं पान. वाटूर फाट्याला साठावं. कंडक्टर दोनदा म्हणला, सर, खालचे कागद पडले तुमचे. सारांशाच्या झेरॉक्स होत्या. मी म्हणलं, पडू दे.

मीना : साठाव्या पानाला नवरा शर्ट घेऊन येतो.

सोमेश्वर : स्वतःचाच. गिऱ्हाइकासारखा काउंटरवर ठिवतो. कॉलरला दुसऱ्या बाईची पावडर. अन् ही नुसती पावती फाडून देती, तारीख टाकून. मीना, मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. तू हे वाचलंस तेव्हा मी काय करून राह्यलो होतो?

मीना : आतल्या खोलीत क्रिकेट बघून राह्यले होते.

सोमेश्वर : मला हाक का न्हाई मारली?

मीना : मारली होती. तुम्ही म्हणले, ओव्हर संपू दे. जाऊ द्या. बसा. चहा ठिवते. तुमच्यासाठी न्हाई, मला पायजे म्हणून. तो खुलासा आठ दिवसांत म्हणले ना?

सोमेश्वर : हो. कारणांसकट, सविस्तर. मी काय म्हणतो, तू नुसती सुरुवात करून दिली असती...

मीना : सर.

सोमेश्वर : न्हाई, न्हाई. मीच लिहितो. वही दे एक. कोरी.

मीना : घ्या. पेन खिशात हाय तुमच्या.

सोमेश्वर : 'मी, सोमेश्वर रामराव वायाळ, सदर प्रबंधाच्या अनुषंगाने नम्रपणे निवेदन करतो, की तत्कालीन परिस्थितीच्या...' हे चिनी झालं का गं?

मीना : झालं.

सोमेश्वर : खोडतो. 'मी पुस्तकं वाचली न्हाईत. माझ्या बायकोनं वाचली.' हे असं चालंल?

मीना : लिवा तुम्ही. मी चहाकडं बघते.